उर्सुलाशी बोलणाऱ्या कुंदाताई

भास्करदादांचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. "बाई, कुंदा गयी," एवढंच ते म्हणाले आणि फोन चालूच राहिला. पलीकडे कुणीतरी मोरी धूत असल्याचा आवाज येत होता. मी "येते" म्हणाले, पण लगेच निघाले नाही. घरभर फिरले, कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्याला आता पाच आठवडे होतील, तरी एका जागी बसणं मला जमत नाही. लिहायला बसले की उठते. कुंदाताईंबद्दल लिहायचं म्हटलं तर जास्तच... कारण त्यांचं एक काम माझ्याकडून राहून गेलं आहे.

कुंदाताई आणि मी उधन्याच्या एका मराठी शाळेत बरोबर शिकवायचो. मी गणित, त्या इंग्रजी. त्या अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या. त्यांचे यजमान भास्करदादा तिथे बमरोलीच्या एका मिलमध्ये होते. ताईंचं व्याकरण इतकं पक्कं की मुख्याध्यापक इंग्रजी पत्रं त्यांच्याकडूनच तपासून घेत. पण तोवरच्या आयुष्यात त्या कुणाशी इंग्रजीत बोललेल्याच नव्हत्या. कुणाशी बोलणार? घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. इंग्रजी फक्त फळ्यावर.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिटीलाईटच्या बाजूला एक नवी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली. मीच त्यांच्या मागे लागून अर्ज करायला लावला. मुलाखतीला सोबतही गेले. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या आणि न थांबता रस्त्याला लागल्या. मी रिक्षा थांबवली, तर त्या पुढे निघूनही गेलेल्या. भर उन्हात उधन्यापर्यंत त्या चालत आल्या, मी मागे मागे. पुलावर एकदाच वळून म्हणाल्या, "सुमन, त्यांनी फक्त स्वतःबद्दल सांगा म्हटलं. मला सगळं येत होतं गं. तोंडच उघडलं नाही. हात जोडले आणि उठले."

त्यानंतर काही दिवसांनी उधना तीन रस्त्याजवळ एका फोनच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आले. माझा भाऊ परदेशात होता, त्याचा ईमेल बघायला मी जायची. एका रविवारी दुपारी ताईंनाही नेलं. माझा ईमेल वाचून झाल्यावर दुकानवाल्या रमणिकभाईंनी हौसेने गप्पांचं एक पान उघडून दाखवलं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक खोली होती, म्हणजे तसं नाव दिलेलं पान. त्यात सात-आठ माणसं एकमेकांना इंग्रजीत लिहीत होती. आम्हाला वाटलं, इंग्लंडची असतील. थोड्या वेळाने कळलं की सगळी जर्मन आहेत. आठवड्यातून एकदा जमून, मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीच लिहायचं असा त्यांनी आपसात नियम केला होता. कुणी जर्मनमध्ये घसरला की बाकीचे त्याला रागावत. ताईंनी उभ्या उभ्याच दोन बोटांनी एक वाक्य लिहिलं, अगदी बिनचूक. लगेच उलट प्रश्न आला, "तुम्ही शिक्षिका आहात का?"

"बेसोने, बेन," रमणिकभाई खुर्ची सरकवत म्हणाले. ताई काही बसल्या नाहीत. उत्तर यायला वेळ लागला की त्या दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येत.

पुढे आमचा प्रत्येक रविवार तिथेच जाऊ लागला. त्या माणसांत उर्सुला नावाची एक बाई होती. विधवा, चपलांच्या दुकानात काम करून निवृत्त झालेली. तिचा मुलगा कॅनडात होता, आणि नातीला जर्मन येत नव्हतं. नातीशी बोलता यावं म्हणून तिचा हा खटाटोप. एकदा तिने लिहिलं की वाढदिवसाला मी घड्याळ झाले. ताई बुचकळ्यात पडल्या. मग उलगडा झाला की 'मिळणे' याला जर्मनमध्ये जो शब्द आहे, तो ऐकायला इंग्रजीतल्या 'बिकम'सारखा, म्हणजे 'होणे'सारखा लागतो. ताई इतक्या हसल्या की रमणिकभाई उठून बघायला आले. पण त्यांचंही एकदा तसंच झालं. 'माय हेड इज पेनिंग' असं त्यांनी लिहिलं, आणि उर्सुलाने ते 'पेंटिंग' समजून विचारलं, डोकं रंगवताय का? त्या संध्याकाळी घरी जाताना ताई म्हणाल्या, "चौदा वर्षं मी पोरांच्या वहीत याच चुकांवर लाल रेघा मारतेय. चूक कुठून येते ते कधी विचारलंच नाही."

मग उर्सुलाने फोनचा विषय काढला. लिहून काय होणार, नात तर फोनवर बोलते. ताईंकडे फोन नव्हता, म्हणून माझा नंबर दिला. रविवारी दुपारी चारला फोन येणार होता. ताई तीनलाच आल्या, सोबत भास्करदादा. फोन वाजला. ताई उठल्या ते थेट स्वयंपाकघरात. मी रिसीव्हरवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. घाबरलं की त्यांची अहिराणी निघायची. "सांग, मी घर नही शे."

मी उचलला आणि खोटं बोलले. पलीकडची बाई घाईघाईने "थँक यू, थँक यू" म्हणाली आणि फोन बंद. ताई माझ्याच चपला घालून निघून गेल्या. भास्करदादा त्यांच्या चपला हातात घेऊन मागे धावले.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. शाळेतही मला टाळत. मला राग आला होता, त्यांचा आणि माझाही. तिसऱ्या रविवारी मी दुकानात गेले तर त्या आधीच तिथे. स्क्रीनवर लिहिलेलं मला अजून आठवतं. मी घरीच होते. स्वयंपाकघरात उभी होते. मला भीती वाटली आणि माझी मैत्रीण माझ्यासाठी खोटं बोलली. एवढं लिहून झालं आणि लाईन गेली. पुन्हा जोडायला दहा मिनिटं लागली. ताईंनी तेवढ्यात दाराशी पाच खेपा घातल्या. जोडणी झाली तर उर्सुलाचं उत्तर येऊन पडलेलं होतं. तुम्ही घरी नाही हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की त्या आनंदात मी केकचे दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या वेळी दोघींनी आधीच ठरवून घेतलं की पहिली दोन मिनिटं कुणीच बोललं नाही तरी चालेल. फोन वाजला. ताईंनी स्वतः उचलला. खरंच कुणी बोलेना. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग ताईंनी घसा खाकरला आणि इंग्रजीत विचारलं, आज काय केलंत जेवायला?

पलीकडून उत्तर आलं, बटाटे.

"मीपण बटाटे," ताई म्हणाल्या, आणि त्यानंतर थांबल्याच नाहीत. आवाज असा चढला की शेजारच्या बेन गॅलरीत आल्या. भास्करदादा मधेच विचारत होते, "काय म्हनस ती?" ताईंनी हातानेच त्यांना गप्प केलं.

ताई पुन्हा सिटीलाईटच्या त्या शाळेत मुलाखतीला गेल्या, या वेळी एकट्या. परत आल्या त्या हसत. "नाही घेतलं. पण वीस मिनिटं बोलले." आमच्याच शाळेत त्या निवृत्त झाल्या. शनिवारचा शेवटचा तास मुलांनी आपसात इंग्रजी बोलायचा असे. चुकलेलं चालायचं, दुसऱ्याला हसलेलं नाही.

रमणिकभाईंचं दुकान काही वर्षांनी बंद झालं, गप्पांचं ते पानही गेलं. उर्सुलाची पत्रं येत राहिली, मग तीही थांबली. ती कॅनडाला गेली, की आजारी पडली, की... ताईंना हे कायम खुपत राहिलं. मी शेवटची भेटले तेव्हा त्या अंथरुणावरही सारख्या कूस बदलत होत्या. "तुझ्या मोबाईलवर सापडेल का गं ती?" मी "बघते" म्हणाले. बघितलं नाही. घरी पाहुणे होते, मग दिवाळीची सफाई, मग विसरले. आता रोज शोधते. त्या नावाच्या कितीतरी बायका दिसतात, म्हाताऱ्या, हसऱ्या. त्यांतली आमची कुठली हे कसं कळणार? आणि कळलं तरी आता सांगायचं कुणाला?

तेराव्याला बमरोलीच्या घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची दाटी होती. तरी खिडकीपासून दारापर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा सगळ्यांनी मोकळा सोडला होता. तिथल्या लाद्यांची नक्षी पुसट झाली होती. ताईंच्या सुनेने हळूच सांगितलं, आई रोज पहाटे तिथेच येरझाऱ्या घालत मोठ्याने इंग्रजी वाचायच्या, म्हणून त्या जागी घरातलं कुणी काही ठेवत नाही. तेवढ्यात धुळ्याहून आलेल्या एका नातेवाइकाने आपली पिशवी नेमकी तिथे टेकवली. भास्करदादा उठले, ती उचलून त्यांनी भिंतीशी ठेवली आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. मला बाहेर जायचं होतं. जायला वाट तीच होती. मी बराच वेळ तिच्या कडेला उभी राहिले.