साडूच्या हातातला लाल बावटा

शहरातल्या रेल्वेवर बावीस वर्षं गार्डगिरी केलेला माणूस घरात असताना, सिनेमा कंपनीने गार्डच्या कामाला निवडलं ते त्याच्या साडूला. साडू घड्याळजी. जन्म गेला भिंगातून स्प्रिंगा बघण्यात. पण मिशा भरघोस, आणि कंपनीला मिशाच हव्या होत्या.

मूकपटांचे दिवस होते. चालत्या गाडीत गार्डचा खून होतो, अशी गोष्ट. साडूला काम शिकवायला मात्र बोलावणं आलं खऱ्या गार्डला.

घरी बायकोला दुसरा विषय नव्हता. सिनेमा निघायच्या आधीच नाक्यावर भाऊजींचं चित्र लागलंय, पाहिलंत का? गार्डसाहेबांनी पाहिलं होतं. रंगीत, पुरुषभर उंच. नवरा गाडी कशी सोडतो हे बघायला ही बाई बावीस वर्षांत एकदाही फलाटावर आली नव्हती.

त्यांनी साडूला सगळं चोख शिकवलं. छाती कशी काढायची, शिट्टी कशी फुंकायची. फक्त एक गोष्ट उलटी. गाडी सोडताना हिरव्याऐवजी लाल बावटा.

"नक्की लाल?" साडूने विचारलं.

"गाड्या मी सोडतो की तुम्ही?"

दिग्दर्शकानेही मान डोलावली. खुद्द गार्ड सांगतोय म्हटल्यावर तो काय बोलणार?

खेळाच्या दिवशी गार्डसाहेबांनी रजा टाकली, नोकरीतल्या चार गार्डांना हसण्यासाठी मुद्दाम मागे बसवलं आणि आयुष्यातला पहिला सिनेमा बघायला बायकोशेजारी टेकले. पडद्यावर साडू आला. बावटा फडकला. काळपट. साडूचा कोट काळपट, गाडी काळपट, बावटाही काळपट. कोणी हूं की चूं केलं नाही.

मग सुरा चालला. बायकोने रुमाल डोळ्यांना लावला.

आता मात्र गार्डसाहेबांना राहवेना. "लाल दाखवला त्याने," ते कुजबुजले. "गाडी सोडताना लाल. हसं करून घेतलं."

बायकोने रुमाल खाली घेतला. "तुम्हाला लाल कुठं दिसला हो यात?"

गार्डसाहेबांनी नजर पडद्याकडे वळवली. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"उद्या भाऊजींना जेवायला बोलावते," ती म्हणाली. "कुठला बावटा कधी दाखवतात ते त्यांना तुमच्याच तोंडाने सांगा."

गार्डसाहेबांनी मान हलवली. सांगणं भागच होतं. पण पडद्यावर साडू अजून मरत होता, सावकाश, ऐटीत, आणि पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणत होतं, मरावं तर असं.