काळे पडलेले चिरे

चिऱ्यांच्या चोरीची ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. विसरावी असं पुष्कळदा वाटलं, कारण त्यातली पहिली चूक माझीच होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याकडून बदली होऊन मी रत्नागिरीत फौजदार म्हणून नुकताच आलो होतो. त्या सुमारास नगरपालिका वस्त्यांना सुधारणेसाठी लहान लहान अनुदानं देत असे. कुठे विहिरीचा कठडा, कुठे गटार. उतारावरच्या एका वाडीला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, बांधायला असं अनुदान मिळालं होतं. गणपती झाल्यावर वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष ठाण्यात आले. श्रावणात जांभ्या दगडाचे ट्रकभर नवे चिरे आणून आपल्या परसात रचले होते, ते वाडीतल्याच एका गवंड्याने हळूहळू पळवले, अशी फिर्याद त्यांनी दिली. चार दिवसांनी नगरपालिकेचे ओव्हरसियर काम बघायला येणार होते.

मी जागेवर गेलो. अध्यक्षांचं परसू रिकामं आणि गवंड्याच्या घराभोवती नुकताच रचलेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. झालं, मला चोर सापडला. पंचनामा करून गवंड्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. त्याने गुन्हा नाकबूल केला. मी आवाज चढवला, दहा ओळींत जबाब उरकला आणि अटक दाखवली. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. म्हणाली, "सायेब, लोकांच्या घरात शिरून ह्यांचं काम. एकदा चोर म्हटलं की कोण दारात उभं करील?" मी तिला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याची मासळीवाली आमच्या क्वार्टरवर आली. त्या वाडीतही तिचा रतीब होता. बांगडे देता देता ती माझ्या बायकोशी बोलत होती, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"वयनी, तुमचे सायेब घाटावरचे ना? त्यांना चिरा कळत नाय. नवा चिरा लाल असतो. काळा पडायला पावसाळे जायला लागतात. त्या गवंड्याच्या गडग्याला तर शेवाळ हाय. आणि श्रावणात चिरे आणले म्हणे! खाणीत तेव्हा पाणी असतं."

माझे कान तापले. दुपारी गवंड्याला कोर्टात हजर करायचं होतं. आधी जाऊन गडगा पाहिला. चिरे काळेच होते, आणि ते कालही काळेच होते.

मग अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. असल्या माणसाला दम दिला की त्याला वकील आठवतो, चहा दिला की तो बोलत सुटतो.

"चिरे कुठल्या खाणीतले?" मी विचारलं.

त्यांनी बेधडक खाण सांगितली.

"चला, बघून येऊ."

"आत्ता? ऊन फार आहे, साहेब."

"जीपला टप आहे," मी म्हणालो.

खाण काठोकाठ भरलेली होती. खाणमालक म्हणाला, "मृगाच्या आधीच काम बंद केलं. आता दिवाळीशिवाय इथे कुदळ लागायची नाही." अध्यक्ष तिथेच बांधावर बसले. "साहेब, आपसात मिटवू या," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." चिरे कधी आणलेच नव्हते. अनुदान त्यांच्या घरच्या लादीत गेलं होतं. ओव्हरसियर येणार म्हणून एक चोर हवा होता आणि गवंड्याचा गडगा आयता समोर होता. संध्याकाळी प्रकरण ताणू नका म्हणून वरून फोन आला. मी त्या फोनचीही स्टेशन डायरीत नोंद केली आणि अध्यक्षांवर गुन्हा दाखल केला.

त्याआधी दुपारीच कोर्टाला अहवाल देऊन गवंड्याला सोडवलं होतं. मी जरा चिडूनच म्हणालो, "अहो, चिरे जुने आहेत एवढं कालच सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं, सायेब," तो शांतपणे म्हणाला. "तीनदा सांगितलं. बापाच्या पडक्या घराचे चिरे हायेत म्हटलं. तुमी लिवलं नाय."

मी जबाब काढून पाहिला. त्या दहा ओळींत बापाच्या घराबद्दल एक अक्षर नव्हतं. मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन सगळ्यांना गोळा केलं आणि हा माणूस चोर नाही, चूक माझी आहे, असं सांगितलं. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोरच्या माणसाचं जे बोलणं मला कळत नसे, ते मी सगळ्यात आधी लिहून घेत असे.