आत्याने तपासलेली शेवटची कुपी

आमच्या आत्याला कारखान्यात सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. एकवीस वर्षं तिने एकच काम केलं. इंजेक्शनची भरलेली कुपी दोन बोटांत धरायची, हळूच उलटी करायची, आधी पांढऱ्या फळीसमोर बघायची, मग काळ्या. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, पांढरा काळ्यावर. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा ती उजेडाकडे धरल्याशिवाय तोंडाला लावत नसे. बाबा चिडवायचे, “ताई, पाणी पास झालं का?”

साथ आली तेव्हा लस एकाच बड्या कंपनीकडे होती. पेटंट तिचं, आणि वर तोरा असा की दुसऱ्या कुणाला हे काम जमणारच नाही. आत्याच्या कारखान्यातली यंत्रं प्लॅस्टिक पांघरून बसलेली. बाबा बस चालवायचे, दिवसभर शेकडो माणसांचा खोकला पाठीवर घेऊन. त्यांना वेळेत लस मिळायची तर ती इथेच बनायला हवी होती. एवढं साधं होतं ते.

पेटंटविरुद्ध आंदोलन चालवणारे वकीलसाहेब एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तेही तिला ताईच म्हणाले. “ताई, तुम्ही बोललात तर कंपनीचं तोंड बंद होईल. इथल्या कारखान्यांना लस बनवायची परवानगी मिळाल्याशिवाय मी कंपनीशी कुठल्याही तडजोडीवर सही करणार नाही. शब्द देतो.”

चारचौघांत बोलायचं म्हटलं की आत्याची बोबडी वळायची. तरी कंपनीच्या फाटकासमोर रिकामी कुपी हातात धरून ती म्हणाली, “आम्हाला जमतं. एकवीस वर्षं जमतंय.” दुसऱ्या दिवशी मालकाने तिला घरी बसवलं. बड्या कंपनीशी वाकडं कोण घेणार?

चार महिन्यांनी वकीलसाहेबांचा फोन आला. “ताई, जिंकलो आपण. कंपनी दोन लाख डोस फुकट देतेय.”

“आणि कारखाना?”

“ते सोडावं लागलं. पेटंटचा विषय आता पुन्हा काढायचा नाही, असं ठरलंय.”

आत्या भिंतीला टेकून खाली बसली. “केसाने गळा कापला मेल्याने,” एवढंच म्हणाली.

ते डोस यायला नऊ आठवडे लागले. बाबा सातव्यात गेले. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

डोस आल्यावरच्या समारंभात पहिली लस आत्याला द्यायची, हेही वकीलसाहेबांनीच ठरवलं. ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली, कारखान्याचा पांढरा कोट घालून. नर्सने कुपी काढली तशी आत्या म्हणाली, “जरा बघू.” तिने ती दोन बोटांत धरली, हळूच उलटी केली आणि शेजारी हसत उभ्या वकीलसाहेबांसमोर नेली. आधी त्यांच्या पांढऱ्या शर्टासमोर, मग काळ्या कोटासमोर. फोटोवाले थांबून राहिले.

कुपी नर्सकडे परत देऊन तिने बाही वर केली.

“स्वच्छ आहे,” ती त्यांना म्हणाली. “अशी आम्हीही भरली असती. माझा भाऊ होता तेव्हाच.”