उन्हात पाणी दिलेले इळे

माझी बायको घण मारायची. हे आधी सांगतो, कारण लोकांना आमच्या भट्टीपाशी पहिल्यांदा तीच दिसायची. मी सांडशीत लोखंड धरून खाली बसलेलो, हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवायचो, अन् ती उभी राहून बरोबर त्याच जागेवर घण आणायची. लोहाराच्या घरात बाईनं घण मारणं नवीन नाही. त्यांच्यात तशी रीतच आहे. पण आम्ही लोहार नव्हतो. आमच्या घरात कोणी कधी भट्टी पेटवली नव्हती.

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून भट्टी थंड आहे. लोक म्हणतात, दुसरा माणूस ठेवा घणावर. ठेवून पाहिला. तो मी दाखवतो तिथं मारत होता, पण दाखवल्यावर मारत होता. तिला दाखवायचं काम फक्त नावाला उरलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. जसं येतं तसं लिहितो.

आमचं गाव महागाव तालुक्यातलं. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. माझ्या बापानं जनावर सोलायची सुरीसुद्धा त्यांच्यासंगंच पाण्यात टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावच्या दारात डफडं वाजवायचं नाही, असं वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. गावाला राग आला, पण कोणी अंगावर आलं नाही. गावाचं काम साधं होतं. गावच्या लोहारानं आमचे इळे-खुरपे हातात घेणं बंद केलं.

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर गावाचा दाब होता. "तुम्ही तुमचं काम सुरू करा, मी माह्यं सुरू करतो," एवढंच म्हणे.

ज्यानं कधी ज्वारी कापली नाही त्याला वाटेल, यात काय एवढं. बोथट इळ्यानं बाई ओळीत मागं पडते. मागं पडलेल्या बाईला उद्या कोणी बोलवत नाही. आमच्या वस्तीत तेव्हा जमीन कोणाकडं नव्हती. बायांचा इळा अन् खुरपं चाललं तर चूल चालायची. म्हणजे धार नसली की एक दिवस डफडं घेऊन पुन्हा गावच्या दारात उभं राहणं आलं. सगळ्यांना हे कळत होतं. कोणी बोलत नव्हतं.

मी तेव्हा विशीतला. लग्न नवीन. वस्तीतले सगळे इळे-खुरपे पोत्यात बांधले अन् महागावच्या बाजाराला पायी गेलो. बाजाराच्या टोकाला एक मुसलमान लोहार बसायचा. म्हातारा, दाढी ठिणग्यांनी ठिकठिकाणी जळलेली. सगळे त्याला उस्ताद म्हणत. पोतं त्याच्यापुढं उपडं केलं तर म्हणतो, "क्या बे, पूरा गाव उठा लाया क्या?"

"गाव नाही जी, आमची वस्ती हाय."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं अन् समजून गेला. पुढं काही विचारलं नाही. भात्याकडं बोट दाखवलं. "बैठ. हवा मार."

हवा मारायला बसलो तो बसलोच. काळं लोखंड लाल होते, हातोडीखाली ओल्या मातीसारखं सरकते, अन् पुन्हा काळं होऊन हट्टाला पेटते. हे मी आधी पाहिलं नव्हतं का? लहानपणी गावच्या लोहाराकडं पाहिलं होतं, पण लांबून, सावली पडणार नाही असं उभं राहून. इथं ठिणगी माझ्या पायावर पडत होती अन् कोणी सरक म्हणत नव्हतं. मला ते फार आवडलं. घरी आलो तर हातावरचे केस जळालेले. बायकोनं वास घेतला अन् म्हणाली, "कोंबडी भाजून आले काय कुठं?"

मग दर बाजाराला जायला लागलो. पुढं बाजार नसला तरी. उस्तादनं आधी भाता दिला, मग घण दिला, मग कानशीनं घासायला दिलं. सांडशी लवकर हातात देईना. मला तर झोपेतही ठोकल्याचा आवाज येई. रस्त्यानं चाललो की नजर खाली. बैलगाडीच्या चाकाची तुटकी पट्टी, नांगराचा झिजलेला फाळ, मालट्रकच्या कमानीचा पाटा, जे सापडलं ते घरी. कोणतं लोखंड मऊ, कोणतं पोलाद, ते दगडावर आपटून आवाजावरून ओळखायला लागलो. घराच्या मागं ढीग झाला.

बायको शेजारणीला सांगे, "माह्यी सवत आणली यायनं. एक नाही, पोतंभर."

"सवतीवर जळतं काय वं?" मी म्हणालो.

"जळून तुमी येता, मी कायले जळू?"

उस्तादकडं झिजलेल्या कानशीचा तुकडा होता. त्यातून मी पहिला चाकू केला. ओबडधोबड, पातं जरा वाकडं, मूठ बाभळीची. घरी आणला. तिनं कांदा घेतला अन् चिरला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. म्हटलं, "अवं, जेवायले कोण येऊन राह्यलं?" तर म्हणे, "थांबा ना, हात थांबून नाही राह्यला." त्या दिवशी भाजीत नुसता कांदा होता. त्यानंतर तिनं सवतीचं नाव काढलं नाही. उलट मीच एखादा तुकडा टाकून आलो तर विचारायची, काहून टाकला.

उस्तादची एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. त्याच्या भट्टीवर तीन बाजूंनी गोणपाटाचे पडदे असत. उन्हाळ्यातसुद्धा. आत बसलं की जीव घुसमटे. पात्याला पाणी द्यायची वेळ आली, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करायची वेळ आली, की तो उरलेली चौथी बाजूही ओढून घेई.

"पर्दा काहून जी?"

"सूरज की नजर लगती लोहे को. पर्दे के बगैर पानी नहीं देना कभी. मेरे बाप ने बोला था."

मी मान हलवली, पण मनात हसलो. आम्ही घरातले देव नदीत सोडले होते. नजर, भूत, लिंबू-मिरची सगळं सोडलं होतं. आता सूर्याच्या नजरेला भ्यायचं?

दुसऱ्या वर्षी उस्तादनं त्याचा जुना भाता मला दिला अन् म्हणाला, आता घरी कर. घराच्या मागं मोकळ्या जागेत मी भट्टी मांडली. भात्यावर बायको बसली. घण मारायला माणूस मिळेना, तर एक दिवस तिनंच उचलला. पहिला घाव ऐरणीवर, दुसरा जमिनीवर. तिसरा लागला.

पडदा मी लावला नाही. नजरेचं तर होतंच, पण दुसरं कारण मोठं होतं. आजवर आमच्या लोकांनी जे केलं ते गावाच्या नजरेआड केलं होतं. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं, झाकून. मला हे काम भर उन्हात करायचं होतं. रस्त्यानं जाणाऱ्यानं पाहावं, आमची भट्टी आहे. वस्तीतल्या पोरीबाळी भोवती उभ्या राहत. म्हातारे खाटा टाकून बसत. एखादा सण असल्यासारखं वाटे.

धार लावायची, दांडे बसवायचे, हे ठीक चाललं. मग ज्वारी कापणीच्या तोंडावर मी नवीन इळे केले. मालट्रकच्या पाट्याचे, अस्सल पोलादाचे. वस्तीतल्या प्रत्येक घराला एक. बायको घरोघर सांगून आली, "यंदा गावाकडं पाहाचंच काम नाही. आमचा इळा घ्या अन् पुढं व्हा."

बाया सकाळी कापणीला गेल्या. दुपार व्हायच्या आत परत आल्या.

पुढं एक म्हातारी होती, सगळी वस्ती तिला मावशी म्हणे. जिभेनं इळ्यापेक्षा धारदार. तिनं पदरातले तुकडे माझ्यापुढं ओतले. कोणाचं टोक उडालेलं, कोणाच्या धारेला दात पडलेले, एक तर मधूनच दोन.

"घे बापू. ज्वारी कापाले नेलं होतं, ज्वारीनंच याले कापलं."

"मावशे, पोलाद चांगलं होतं ना."

"मंग आमचे हात खराब असतीन. ते गावच्या बाया हसून राह्यल्या तिकडं. म्हणे, काचेचे केले काय नवऱ्यानं?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "गावच्या लोहारानं निरोप धाडला. उद्या सकाळी इळे घेऊन या म्हणते. डफडंबी आणा म्हणते. म्हातारे बसून राह्यले आता बोलाले. मी तुले सांगाले आली."

ती गेली. मी तुकडा उचलून पाहिला. मोडलेली कड कण्यांसारखी, जाडी-भरडी दिसत होती. उस्तादकडं मोडलेलं पातं आतून पिठासारखं बारीक असे. लोखंड जास्त तापून जळालं होतं, म्हणून ठिसूळ झालं होतं. कसं जळालं? मी तर लाल झालं की लगेच काढत होतो. एक क्षणही जास्त ठेवत नव्हतो.

बायको चूल पेटवायला उठली. काडेपेटी ओली झाली होती. मी तपासून पाहायला एक तुकडा विझत्या भट्टीत टाकला होता, तो तिनं सांडशीत उचलला. भट्टीपाशी तो काळाच होता, जरासा तांबूस, चटका बसेल एवढाच वाटणारा. तो घेऊन ती घरात शिरली, चुलीतल्या पऱ्हाटीच्या काड्यांना लावायला. आणि आतून ओरडली.

"अवं, इकडं या! लवकर!"

मी धावलो. वाटलं भाजली. दारात पाऊल टाकलं तर अंधारात तिच्या सांडशीत तोच तुकडा पळसाच्या फुलासारखा पेटलेला.

"हा भट्टीतलाच?"

"मंग काय मी आत येऊन तापवला? बाहेर काळा होता, आत आली तं लाल झाला." ती तो घेऊन दाराबाहेर गेली. काळा. पुन्हा आत आली. लाल. आत-बाहेर, आत-बाहेर. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "म्हणून माह्ये हात मोडून जात होते भात्यावर. तुमी म्हणा अजून लाल नाही, अजून मार. ते केव्हाचं लाल झालं असे. उन्हानं तुमाले दिसे नाही."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. उन्हात जे मला लाल दिसत होतं, ते सावलीत पिवळंजर्द असणार. तेवढं तापवून मी पाण्यात घालत होतो.

"गोणपाट काढा," ती म्हणाली.

"लोक म्हणतीन, यायनं पुन्हा नजर-गिजर मानणं सुरू केलं."

"म्हणू द्या. मले सूर्याचं काई माहीत नाही. मले रंग दिसाले पाह्यजे."

पोती फाडून तिनं दाभणानं शिवली, मी बांबू रोवले. वस्तीतले म्हातारे पाहत होते. एकानं विचारलंच, "काहून रे, पूजा मांडली काय आत?" माझ्या आधी तीच आतून बोलली, "हो बाबा, घणानं आरती करून राह्यलो." बाहेर कोणीतरी हसलं.

पाट्याचा एकच तुकडा उरला होता. त्याचा एक इळा होणार होता, जास्त नाही. ती घण मारत होती अन् मी पाहत होतो, सावलीत लोखंड किती लवकर लाल होते. पाणी देताना आम्ही दोघं त्या रंगावर वाकलो. मी म्हणालो, आता. ती म्हणाली, थांबा. मग म्हणाली, आता. तिचा शब्द धरला. धार पाण्यात गेली, आवाज वेगळाच आला, फुरफुरल्यासारखा, तडकल्याचा नाही.

दिवस मावळायच्या आत इळा घेऊन मी मावशीकडं गेलो. तिनं अंगठा फिरवला, नखावर घासून पाहिला.

"हाबी काचेचा?"

"मोडला तं उद्या तुह्यासंग मीच डफडं घेऊन येतो लोहाराकडं."

"तुले वाजवता येते काय?" ती म्हणाली. पण इळा घेतला. म्हाताऱ्यांना जाऊन सांगितलं, उद्याचा दिवस थांबा.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. बायको कामाला गेली नाही. रस्त्याकडं पाठ करून ती नुसतं धान्य निवडत बसली, निवडलेलंच पुन्हा निवडलं. पुढं कधी उस्तादला हा सगळा किस्सा सांगितला तर तो आधी खूप हसला. मग म्हणाला, "बाप ने नजर बोला, तो मैं भी नजर बोला. देखने का तो कभी सूझाच नहीं." पण ते नंतरचं.

संध्याकाळी मावशी आली. डोक्यावर ज्वारीची पेंढी, अंगाला सगळा भुसा. दारात येऊन इळा माझ्यापुढं धरला. मी आधी टोक पाहिलं, मग धार. एकही दात पडला नव्हता. पण दिवसभर कापून कापून धार पार बसून गेली होती.

"हे पाह्य," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बोथट झाला. दुपारनंतर ओढू ओढू कापलं. लाव धार. अन् उद्या माह्या सुनेलेबी एक पाह्यजे, गावच्या दोघीतिघी विचारून राह्यल्या त्यायलेबी."

मी इळा घेतला. मागं वळून पाहिलं तर बायको केव्हाच पडद्याआड जाऊन भात्यावर बसली होती.