प्रेमदासकाकाचा गोळा

सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या तांड्यात कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला की आधी प्रेमदासकाकाला हाक जायची. काका येणार, ज्वारीच्या भाकरीचा कोरडा गोळा वळणार आणि हवालदाराच्या आवाजात म्हणणार, "चावू नको. सरळ गीळ." गिळणाऱ्याचे डोळे बाहेर यायचे, पण काटा खाली जायचा. मग काका दिवसभर त्या काट्याची गोष्ट सांगत हिंडायचा आणि संध्याकाळपर्यंत काटा हातभर लांब व्हायचा. मोतीकाकू चुलीपुढूनच विचारायची, "अवं, मासा तरी एवढा व्हता का?"

मागच्या महिन्यात मोतीकाकूच्याच घशात रोहूचा काटा रुतला. काकानं दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूच्या छातीत कळ, अंगात ताप. आवाज असा नाकातून आणि बारीक, की पडद्याआडून दुसरीच बाई बोलून राहिली असं वाटावं. मानेवर बोट दाबलं की कातडीखाली वाळल्या पाल्यासारखं करकर वाजायचं. काका म्हणत होता, पित्त आहे, बसेल. शेवटी शेजारच्या भावसिंगनं जीप काढली. सोबत फुलसिंग बसला. त्याच्या पोराचा काटा काकानंच उतरवला होता, म्हणून नांदेड येईपर्यंत त्याच्या तोंडी काकाचीच तारीफ.

तिथल्या डॉक्टरीणबाई एकेक शब्द सुटा ठेवून बोलायच्या. अन्ननलिकेला भोक पडलंय, त्यांनी सांगितलं. तोंडातून दुर्बीण घालून काटा काढू, आणि भोकाच्या कडा आतूनच क्लिपच्या चिमटीत धरून मिटवू. छाती फाडायला नको. पण भोकातून अन्न बाहेर छातीत सांडलं असेल, तर आधी ते धुऊन काढावं लागेल. घाण तशीच ठेवून भोक मिटवलं तर या हाती लागणार नाहीत. काटा रुतल्यावर यांनी काय खाल्लं?

काका म्हणाला, काही न्हाई, नुसतं पाणी. फुलसिंग दारातच उभा होता.

"दादा, छातीच्या फोटोत मला वेगळं दिसतंय," बाई म्हणाल्या. " खरं सांगा, आणि आत्ता सांगा."

काकाच्या गळ्यातला हवालदार कुठं पळाला कोण जाणे. "एक गोळा दिला व्हता," तो पुटपुटला. "भाकरीचा. बारकासा."

स्ट्रेचरवरून काकूचा हात वर आला. बोललं की कळ यायची. तिनं तीन बोटं दाखवली. मग मूठ वळली आणि ती मूठच बाईंपुढे धरली, केवढा ते कळावं म्हणून.

फुलसिंग हळूच म्हणाला, "काका, माझ्या पोराला केवढा दिला व्हता?"

काका त्याच्याकडे वळलाच नाही. बाईंनाच म्हणाला, "तिसऱ्याला ती नको म्हणत व्हती. मीच म्हणलो, गीळ."

काकूला आत नेलं. बाहेर यायला फार वेळ लागला. छातीतून भाकरीचा चुरा निघाला होता. सगळं धुतलं, क्लिप बसवली, बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढली, नाकातून दुसरी आत घातली. क्लिप धरेल का, काकानं विचारलं. ते आज सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. तोवर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

भावसिंग आणि फुलसिंग परतले. फुलसिंगनं कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण काकाच्या फोनवर तांड्यातून एकाचाही कॉल आला नाही. काका खाटेशेजारी बसून नळीतला थेंब बघत राहायचा. काकूचे ओठ सुकून फाटले. तो ओला बोळा फिरवायला गेला की ती तोंड भिंतीकडे वळवायची आणि नर्सची वाट बघायची.

पुढं कधीतरी तिला रंगाचं औषध पाजून फोटो काढला. बाहेर गळत नव्हतं. आता एक चमचा पाणी द्या, बाई म्हणाल्या.

काकानं चमचा भरला. काकूच्या ओठापर्यंत नेला. काकूनं तोंड उघडलं नाही. त्याच्या हातातून चमचा काढून घेतला, पाणी स्वतःच जिभेवर सोडलं, आणि एक हात छातीवर ठेवून कळ येते का बघत बसली.