ज्याला लागला त्यानं बोलायचं

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी आमच्या मिलमध्ये नवी यंत्रं बसवायला हंगेरीचा एक इंजिनियर आला. मी तिथं फिटर होतो. माणूस पन्नाशीचा, टक्कल पडलेला, सोलापूरच्या उन्हानं लालबुंद झालेला. हा कधीकाळी तलवार खेळला असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मिल सुटली की मी तालमीत जायचो. आमच्याकडं फरी-गदगा चालायचा. डाव्या हातात चामड्याची छोटी ढाल, ती फरी. उजव्या हातात चामड्यानं मढवलेली काठी, तो गदगा. पंच वगैरे भानगड नव्हती. गदगा अंगाला लागला की ज्याला लागला त्यानंच थांबून "लागला!" म्हणून ओरडायचं, हा वस्तादांचा नियम. ते आता थकले होते. त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत तालमीपुढं दांडपट्टा फिरवायचा मान ते कुणाला तरी देणार होते. तो मलाच मिळावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

एका संध्याकाळी आमचे सुपरवायझर त्या इंजिनियरला तालीम दाखवायला घेऊन आले. खेळ बघून त्याचे डोळेच चमकले. तो इंग्रजीत काहीतरी बोलला, सुपरवायझर म्हणाले, "हे तिकडं सेबर खेळायचे. सेबर म्हणजे हलकी तलवार. लहानपणापासून, मोठमोठ्या स्पर्धांत."

"मग खेळा की पावणं," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी मला पुढं केलं. नियम त्याला समजावून सांगितला. "लागला" हा शब्द त्यानं दोन-तीनदा घोळवून पाठ केला.

त्यानं गदगा तोंडापुढं उभा धरून मला सलाम केला. तो काठीचा वास घेतोय असं वाटून सगळे हसले. फरीचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून ती पाठीमागं धरून तो उभा राहिला. मीही हसलो. दोन मिनिटांत माझं हसू पळालं. त्याचं मनगट तेवढं हलायचं, बाकी माणूस जागच्या जागी. मी मारायला गेलो की गदगा तिथं आधीच हजर! मी उभ्या जन्मात असं काही बघितलं नव्हतं.

आणि एकदा त्याचा गदगा माझ्या बरगडीला घासून गेला. हलकाच. तो कुणाला दिसला नसणार असं धरून मी गप्प राहून खेळत राहिलो.

थोड्या वेळानं माझा गदगा त्याच्या बाहीला शिवला की नाही, हे मलाही नक्की ठाऊक नव्हतं. तो मात्र थांबला आणि डावा हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाला, "लागला!"

 टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर चहा पिताना वस्तादांनी विचारलं, "एवढा हात हाय, मग खेळ सोडला कशापायी?"

तो हसत हसत सांगू लागला आणि सुपरवायझर मराठीत. सेबरमध्ये लागलेलं दाखवणारं यंत्र नव्हतं. चार माणसं चार बाजूंना उभी राहून बघायची. देशाच्या संघाच्या निवडीचा शेवटचा सामना, पाच वार आधी करील तो जिंकणार, आणि दोघांचे चार-चार झालेले. पाचवा वार याच्या मनगटाला लागला आणि चौघांपैकी एकालाही दिसला नाही. यानं स्वतःच हात वर केला. संघात दुसरा गेला. पुढं वय झालं, तशी संधी पुन्हा आली नाही.

मी चहा तसाच खाली ठेवला. मी उठून वस्तादांपुढं उभा राहिलो. "वस्ताद, मघाशी मला बरगडीत लागला होता. मी बोललो नाही."

"बगितलंय मी," वस्ताद म्हणाले. "तू कवा बोलतूस त्याचीच वाट बगत व्हतो."

त्या वर्षी पट्टा माझ्यापेक्षा कच्च्या गड्याच्या हातात गेला आणि मी मागं लेझमीत नाचलो. तो माणूस आयुष्यभराची मेहनत गेल्याचं हसत सांगून गेला होता. माझी एक मिरवणूक गेली, तर घरी येऊन मी ढसाढसा रडलो.