उद्धव डायवरच्या गाडीची पूजा

तर काल गोष्ट लिंबापाशी येऊन थांबली होती. चार चाकांखाली चार लिंबं, आणि गाडी त्यांच्यावर आरामात बसलेली, पाटावर नवरदेव बसावा तशी. उद्धवरावांनी रिमोटचा घोडा दाबला. चाकं फिरली. ओट्याच्या सडा घातलेल्या ओल्या फरशीवर लिंबंही फिरली. त्यांनी घोडा आणखी दाबला, चाकं जोरात फिरली, लिंबंही जोरात फिरली. गाडी फुल स्पीडमध्ये होती आणि जागेवर होती.

"उभ्या नोकरीत असं झालं न्हवतं," उद्धवराव म्हणाले.

"पाथरीच्या अलीकडं झालं होतं की, चिखलात," सूर्यभान म्हणाला. सूर्यभान त्यांचा जुना कंडक्टर. दोघं रिटायर झाले तरी तो यांच्या डाव्या हातालाच उभा राहतो.

"तवा खाली चिखल होता. हितं लिंबू हाय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगायला हवं की ही गाडी म्हणजे चपलांच्या खोक्याएवढी, लाल रंगाची, रेडिओवर चालणारी गाडी. चाक बरोबर लिंबाएवढं. आणि उद्धवराव म्हणजे सोनपेठचे, जन्मभर यस्टी चालवलेले. एवढी मोठी गाडी चालवून माणसाचं मन भरायला पाहिजे. यांचं भरलं नव्हतं.

खरं तर हा नाद जुना. लग्नाआधी हैदराबादच्या फेरीवर असताना त्यांनी तिथल्या बाजारातून अशीच एक गाडी आणली होती, रिमोटची तार ओढून लांब करायची तसली. ती लग्नानंतरही अंगणात पळायची. मग एक दिवस बोरीहून सासरे आले. ते ओट्यावर बसले, गाडी त्यांच्या धोतराजवळून गेली, वळली, पुन्हा आली. सासऱ्यांनी चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "जावईबापू अजून खेळतेत व्हय?"

त्यात रागाचं काही नव्हतं. पण संध्याकाळी गाडी माळ्यावर गेली, ती गेलीच. सेल आतल्या आत पाझरून हिरवे झाले, उंदरांनी तारा खाल्ल्या. उद्धवरावांनी तिची कुणापाशी आठवण काढली नाही. खेळण्याची आठवण काढायला माणसाला काही कारण लागतं, आणि त्यांच्याकडं ते नव्हतं.

रिटायर झाल्यावर मोबाइलवर कुठल्या तरी देशातली त्यांच्याच वयाची माणसं वाळूत गाड्या पळवताना दिसली. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, आणि कुणीही त्यांना काही विचारत नव्हतं. उद्धवराव जेवायचं विसरले. पुढच्या हप्त्यात खोकं दारात आलं. गल्लीनं ठरवून टाकलं की मिक्सर आलाय. बायकोनं, अनसूयाबाईंनी, तर स्वयंपाकाच्या ओट्यावरचे डबे सरकवून जागाही करून ठेवली होती. खोकं उघडलं, आणि त्या रिकाम्या जागेकडं त्या जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "ह्याला बी चाकं हायती. चाकं असलेली वस्तू पूजेबिगर माझ्या उंबऱ्याबाहेर जायची न्हाई."

उद्धवरावांनी याहून वाईट ऐकायची तयारी ठेवली होती. ते लगेच हो म्हणाले. पूजेपर्यंत गाडी माजघरातच चालली, पलंग ते धान्याची कोठी. रांजणापाशी थांबा, टीव्हीपाशी थांबा. वळण आलं की खुर्चीत बसल्याबसल्या उद्धवराव उजवा हात बाहेर काढत.

"हात कुणाला दाखवायलाव?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"मागच्याला."

"मागं कोण हाय?"

"असू शकतं."

गुरुवारी सकाळी पूजा ठरली. माधवीनं, म्हणजे सुनेनं, रांगोळी काढली. शेजारच्या बायनाबाई जाणत्या म्हणून पुढं बसल्या. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि मग हे लिंबाचं उपटलं.

"फुटंना ग बाई," बायनाबाई म्हणाल्या. "लिंबू फुटल्याबिगर चालवली तर गाडी मालकाला मानत न्हाई. आमच्या थोरल्याची फटफटी बगा. आजबी ढकलतोय."

"मामा, मी हातानं पिळू का?" माधवीनं सासऱ्यांना विचारलं.

"सरबत करायलीस का पूजा?" बायनाबाई म्हणाल्या.

सूर्यभाननं तीन लिंबं काढून घ्यायला लावली आणि उरलेल्या एकावर दाब पडावा म्हणून गाडीवर वीट ठेवली. आता चाकंही फिरेनात. त्यानं वीट उतरवली आणि लिंबाऐवजी बोर ठेवायची टूम काढली.

"बोर?" बायनाबाईंनी पदर सावरला. "उद्या ज्वारीचा दाणा ठिव म्हणशील."

गल्लीतले लोक कामं टाकून जमले होते. कुणी हसत नव्हतं. लग्नात अंतरपाट धरल्यावर असतात तसे सगळे गंभीर होते.

शेवटी अनसूयाबाईंनी निकाल दिला. "शेवटचं एक डाव बगा. न्हाई फुटलं तर राहू द्या. माळ्यावर जागा हाय."

माळा म्हटल्यावर उद्धवरावांनी रिमोट दोन्ही हातांनी धरला. एक गाडी वर गेल्यावर दुसरी घरात यायला अख्खी नोकरी संपावी लागली होती. आता दुसरी नोकरी कुठून आणायची? पण हे असं चारचौघांत बोलता येत नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "लांबून घिऊन बगतो."

गाडी पार दारापर्यंत मागं घेतली. लिंबू ओट्याच्या कडेला, डायवर साइडच्या चाकाच्या रेषेत ठेवलं. उद्धवराव खुर्चीत सरळ बसले. उभं राहून त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती आणि आजही चालवणार नव्हते. त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. सूर्यभानला काय करायचं ते सांगावं लागलं नाही.

"टिन टिन," तो म्हणाला.

गाडी सुटली. एवढ्या वेगानं ती माजघरात कधी गेली नव्हती. लिंबावर जाऊन आदळली, जागीच थांबली आणि लिंबू सुटलं. ओट्यावरून उडालं, नाली ओलांडली, उतारावरून टणाटण उड्या मारत थेट सडकेवर गेलं. तिकडून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता, टेपवर गाणं लावून. त्याच्या पुढच्या चाकाखाली लिंबू आलं आणि फुटलं. मागच्या चाकाखाली उरलंसुरलं फुटलं. ट्रॉल्यांना काही शिल्लक राहिलं नाही. ट्रॅक्टरवाल्याला यातलं काही कळलं नाही, तो गाणं ऐकत निघून गेला.

सगळ्यांनी ओट्याच्या कडेला येऊन सडकेवर पाहिलं.

"झालं," बायनाबाई म्हणाल्या. "पूजा गेली टॅक्टरला."

"हाक मारा त्याला," सूर्यभान म्हणाला. "नारळबी घिऊन जाय म्हणाव."

"पर लिंबू तर मामांनीच धाडलं ना?" माधवी म्हणाली.

"धाडलं यानं, फोडलं त्यानं. देव फोडणाऱ्याचं बगतो," बायनाबाई म्हणाल्या.

यावर गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणे पूजा अर्धी-अर्धी झाली, कुणी म्हणे ट्रॅक्टर कुणाचा ते आधी बघा. उद्धवरावांना त्या भांडणात रस नव्हता. ते ओट्याच्या कडेला थांबलेल्या लाल गाडीकडं बघत होते. तिच्या नाकाला लिंबाचा ओला डाग होता, बाकी ती ठणठणीत होती.

अनसूयाबाई खाली उतरल्या, सडकेपर्यंत जाऊन चिरडलेली साल बघून आल्या. बोटाला अजून कुंकू होतं. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आवो, तुमीच सांगा आता," त्या म्हणाल्या. "लिंबू दुसऱ्याच्या चाकाखाली फुटलं. ही चालवायची का माळ्यावर ठिवायची?"

उद्धवराव खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि ड्यूटीवर असताना बोलायचे तसे, कुणाकडं न बघता म्हणाले, "लिंबू माझ्या गाडीचं पासिंजर. हितं बसवलं, सडकंवर सोडलं. खाली उतरल्यावर त्याचं काय झालं, ते डायवरच्या अंगावर येत न्हाई. पयली फेरी बिनबोभाट झाली. तू बाजूला हो, मला गाडी वळवायचीय."